सातव्या क्रमांकाच्या भगिनी

"यातली एक ओळसुद्धा गाळायची नाही, सर," असं म्हणून नलवड्यांनी नऊ पानांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला.

रविवारची सकाळ होती. साडेआठ वाजले होते, कार्यक्रम दहाचा होता, आणि मी नाट्यगृहाच्या विंगेत उभा राहून हार, शाली, श्रीफळं मोजून ठेवलीत का ते बघत होतो. मोहनराव नलवडे म्हणजे बार्शीतल्या आमच्या त्या सेवा मंडळाचे अध्यक्ष. मंडळाचा वर्षातून एकदा मोठा मदत सोहळा असायचा. आधी दीपप्रज्वलन, मग भाषणं, एका दानशूर माणसाचा सत्कार, थोडी करमणूक, आणि शेवटी गरजूंना काहीतरी वाटप. त्या वर्षी अकरा गरजू बायकांना घरघंट्या द्यायच्या होत्या. घरी बसून शेजारपाजारचं दळण दळून दोन पैसे मिळावेत म्हणून ही पिठाची छोटी गिरणी. अकराही घरघंट्या बोराडे नावाच्या बांधकामवाल्याने दिल्या होत्या, आणि ती नऊ पानं म्हणजे बोराड्यांचा परिचय होता.

मी चाळला. पहिल्या पानावर ते आधारवड होते, तिसऱ्यावर दीपस्तंभ, सातव्यावर कर्मयोगी. त्यांच्या आजोबांच्या बैलजोडीचंही वर्णन होतं. मी म्हटलं, अध्यक्ष, हे वाचायला पाऊण तास लागेल, लोक उठून जातील. नलवडे म्हणाले, जेवण शेवटी ठेवलंय, कुणी जात नाही.

मी त्या वेळी हायस्कुलात मराठी शिकवत होतो आणि गावात कुठंही माइक लागला की निवेदनाला मलाच बोलावणं यायचं. भालेराव सर आले म्हणजे कार्यक्रम उभा राहिला, असं लोक म्हणायचे आणि मला ते खरं वाटायचं. पाहुण्याचं नाव कसं घ्यावं, कुठं थांबावं, कुठं आवाज खाली आणावा की मागच्या रांगेतला माणूससुद्धा पुढं सरकून बसेल, हे मला येत होतं. रागही मला लवकर यायचा. बायको म्हणायची, तुमच्या नाकावर तो कायमचा राहायला आलाय. तेही मला भूषणच वाटायचं. अन्याय दिसला की चिडणारा माणूस म्हणजे चांगला माणूस, अशी माझी साधी समजूत होती.

विंगेच्या मागच्या बोळात त्या अकरा बायका बसल्या होत्या. त्यांना सातलाच बोलावलं होतं. प्रत्येकीच्या पदराला पिन लावून पिवळा बिल्ला अडकवला होता आणि त्यावर लाल अक्षरांत 'लाभार्थी' असं छापलं होतं. खाली क्रमांक. पाहुण्यांना चहा झाला होता. मंडळाच्या कार्यकर्त्यांचा दोनदा झाला होता. या बायकांना चहा दिला का, असं मी विचारलं तर कार्यकर्ता म्हणाला, त्यांचं वाटपानंतर आहे. म्हणजे दीड वाजता. माझं डोकं तिथंच फिरायला लागलं, पण मी यादी काढली आणि नावं तपासू लागलो. सातव्या क्रमांकावर लिहिलं होतं, कौसल्या रंगनाथ खुपसे.

मी मान वर करायच्या आत त्या बाई उठून माझ्याजवळ आल्या. पदर कपाळापर्यंत ओढलेला होता. मी तरीही ओळखलं.

रंगनाथ खुपसे हे नाव आज कुणाला आठवत नसेल, पण पंधरा-वीस वर्षं आमच्या भागात गणपती, नवरात्र, गॅदरिंग, काहीही असलं तरी रंगाच्या नकलांशिवाय ते पुरं व्हायचं नाही. बाकीचे नकलाकार आवाज काढतात. रंगाचं सगळं काम चेहऱ्यावर चालायचं. तो तोंडातून अक्षरही न काढता अंडं घालायला जागा शोधणारी कोंबडी करायचा, फुकटची भजी खाणारा तलाठी करायचा, मुलगी बघायला आलेला आणि मुलीच्या बहिणीकडेच बघत बसलेला नवरा करायचा. एक भुवई, एक गाल, ओठाचा एक कोपरा, एवढ्यावर सातशे माणसं पोट धरून हसायची. त्याचं नाव मी माइकवरून निदान पन्नास वेळा पुकारलं असेल. तीन वर्षांपूर्वी तो एकाएकी दिसेनासा झाला. सुरतेला धाकट्या भावाकडे राहायला गेला, असं सगळ्यांना माहीत होतं.

"सर, तेवढं माझं नाव वाचू नका," कौसल्यावहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "नुसता नंबर घ्या."

मी म्हटलं, वहिनी, तुम्ही सुरतेला होतात ना?

"ते आम्हीच उठवलंय. हितंच हाओत. कुंभारवाड्याच्या मागं दोन खोल्या घेतल्यात. त्यांची उजवी बाजू गेली, सर. हात गेला, पाय गेला. तोंड वाकडं झालंय. बोललेलं माझ्याशिवाय कुणाला उमगत न्हाई."

मी म्हटलं, अहो, आम्हाला कुणाला तरी सांगायचं. सगळं गाव धावून आलं असतं.

"तेच नको होतं त्यांना." त्यांनी बोळात दोन्ही बाजूंना बघून घेतलं. "ज्या तोंडाकडं बघून लोक हसले, त्याच तोंडाकडं बघून लोकांनी चुकचुकायचं, हे मला खपायचं न्हाई म्हणतेत. गिरणीसाठी अर्ज केला तर चार दिवस बोलले न्हाईत. मग म्हणाले, जा, आण, पण माझं नाव तिथं निघालं न्हाई पायजे. त्या एका बोलीवर पाठवलंय. आन् घरी केबल लावून बसलेत. तुमचं निवेदन असलं की लावतेतच."

स्थानिक केबलवाला कार्यक्रम थेट दाखवत होता, हे खरं होतं. मी खिशातून पेन काढलं आणि वहिनींच्या देखत यादीतल्या सातव्या नावावर आडवी रेघ मारली. वर लिहिलं, सातव्या क्रमांकाच्या भगिनी. मी म्हटलं, वहिनी, माझा शब्द आहे. रंगाचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही.

त्या बिल्ला पदराखाली झाकत जागेवर जाऊन बसल्या.

दहाचा कार्यक्रम पावणेअकराला सुरू झाला, कारण बोराडे आले नव्हते. ते आले तेव्हा सनई वाजली, फटाके वाजले, पाच सुवासिनींनी ओवाळलं. दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं. मग एका प्राचार्यांचं समाजसेवा या विषयावर भाषण झालं. त्यांनी दहा मिनिटं मागितली होती आणि चाळीस घेतली. मी त्यांना दोन चिठ्ठ्या पाठवल्या. दुसरी त्यांनी चष्मा लावून नीट वाचली आणि पुन्हा बोलायला लागले.

मग मी ती नऊ पानं वाचली. एक ओळसुद्धा गाळली नाही. आवाजाचे चढउतार, थांबे, सगळं व्यवस्थित केलं, आणि वाचता वाचता मला माझीच किळस येत होती. बोराड्यांना मी ओळखत होतो. त्यांच्या एका इमारतीचा जिना पडला तेव्हा शाळेतला आमचा शिपाई आठ महिने कुबड्यांवर होता आणि त्याला बघायला या कर्मयोग्यांचं कुणीही आलं नव्हतं. मी 'कनवाळू अंतःकरणाचे' असं वाचलं तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या बोराड्यांनी मान खाली घालून डोळे पुसले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. शाल, श्रीफळ, मानपत्र, फेटा. मानपत्रही मीच वाचलं. त्यात आधारवड पुन्हा होता.

त्यानंतर करमणूक. मुंबईहून एक हास्यकलाकार मागवला होता. टीव्हीवर दिसायचा म्हणून त्याचं कौतुक. त्याचाही परिचय मी दिला. त्याने नवरा-बायकोचे दोन शिळे विनोद सांगितले, एका नटाचा आवाज काढला, जाड बाईसारखं चालून दाखवलं आणि लोक हसले. मी विंगेत उभा होतो. मागे बघितलं तर कौसल्यावहिनी बोळाच्या तोंडाशी येऊन पडद्याच्या फटीतून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. रंगाच्या नुसत्या डाव्या भुवईत याच्यापेक्षा जास्त कला आहे, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. मग मला आठवलं, आता फक्त डावीच उरली आहे. त्या विचारानं माझा राग आणखीच पेटला. कुणावर, ते मात्र मला तेव्हा सांगता आलं नसतं.

वाटपाला सव्वाएक वाजला. रंगमंचावर अकरा घरघंट्या ओळीने मांडल्या होत्या, प्रत्येकीला झेंडूची माळ. बोराडे एकेका घरघंटीवर हात ठेवून उभे राहणार, बाईने समोर यायचं, कुंकू लावायचं आणि फोटो. असं ठरलं होतं. पण पहिली बाई आली आणि बिचारीने सवयीने वाकून बोराड्यांच्या पायाला हात लावला. फोटोवाल्याला ते फारच आवडलं. त्याने नलवड्यांना खूण केली, नलवड्यांनी विंगेत सांगितलं, आणि मग प्रत्येक बाईला ढकलायच्या आधी कार्यकर्ता कानात सांगू लागला, पाया पडायचं. साठीची एक म्हातारीही पाया पडली. बोराडे पन्नाशीचे. ते प्रत्येक वेळी 'नको, नको' म्हणत होते आणि पाय मात्र जागचे हलवत नव्हते.

मी नावं पुकारत होतो. सहा झाली. मग मी म्हणालो, "सातव्या क्रमांकाच्या भगिनी."

कौसल्यावहिनी आल्या. घरघंटीला कुंकू लावलं. बोराड्यांकडे वळून दोन्ही हात जोडले, मान लववली आणि उभ्या राहिल्या. फोटोवाला थांबला. नलवड्यांनी हाताने खूण केली, खाली, खाली. वहिनी तशाच हात जोडून उभ्या.

तेव्हा नलवडे उठले, माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझ्या हातातला माइक काढून घेतला.

"ताई, लाजू नका," ते हसत हसत म्हणाले. "फुकट घ्यायला लाज वाटली नाही, मग उपकार मानायला कसली लाज?"

सभागृह हसलं. सगळं नाही, पण पुढच्या चार रांगा चांगल्या मोकळेपणी हसल्या. वहिनींचे जोडलेले हात खाली आले आणि त्यांनी पदर आणखी पुढं ओढला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज इतक्या वर्षांनीही ते हसू आठवलं की मुठी वळतात. मी नलवड्यांच्या हातातून माइक हिसकावला. हिसकावला हाच शब्द बरोबर आहे, कारण त्यांच्या अंगठीचा ओरखडा मला चार दिवस होता.

"एक मिनिट," मी म्हणालो. "सकाळपासून मी तुम्हाला नऊ पानांचा परिचय वाचून दाखवला. या बाईंचा परिचय मला कुणी लिहून दिलेला नाही. तो मी देतो. यांचं नाव कौसल्या रंगनाथ खुपसे. रंगनाथ खुपसे, ऐकलंय का हे नाव? याच रंगमंचावर वीस वर्षं ज्यानं तुम्हाला पोट दुखेपर्यंत हसवलं, तो आपला रंगा. तुम्ही म्हणता तो सुरतेला गेला. तो कुठंही गेलेला नाही. तो तुमच्या गावात, कुंभारवाड्याच्या मागं, दोन खोल्यांत, अर्धं अंग लुळं पडून तीन वर्षं अंथरुणावर आहे. आणि त्याची ही बायको कुणापुढं हात न पसरता त्याला सांभाळते आहे. पाया कुणी कुणाच्या पडायचं, ते आता तुम्हीच ठरवा."

मी थांबलो. मग मागून कुणीतरी उठलं, मग एक रांग उठली, आणि बघता बघता सगळं नाट्यगृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. बायका डोळे पुसत होत्या. मुंबईचा तो हास्यकलाकारसुद्धा उभा होता. नलवड्यांचा चेहरा पांढरा पडला. बोराडे मात्र हुशार निघाले. ते दोन पावलं पुढं आले आणि खाली वाकून त्यांनी वहिनींच्या पायांना हात लावला. फोटोवाल्याने चार फोटो घेतले.

वहिनींनी माझ्याकडे एकदा बघितलं. मला वाटलं, भरून आलंय. मग त्या विंगेत गेल्या आणि तिथून कधी निघून गेल्या, ते कुणाला कळलं नाही.

मी शब्द मोडला होता, हे मला कळत होतं. पण त्या दुपारी मला तो मोडल्याचा अभिमान वाटत होता. जेवणाच्या पंगतीत लोक येऊन हात हातात घेत होते. एका निवृत्त न्यायाधीशांनी मला मिठी मारली. सर, आज तुम्ही गावाच्या कानाखाली वाजवलीत, असं कोण कोण म्हणालं. नलवडेसुद्धा माझ्या ताटात स्वतःच्या हाताने जिलबी वाढून गेले आणि म्हणाले, झालं गेलं विसरा, आपण रंगासाठी काहीतरी करू. मी जिलबी खाल्ली. दोनदा घेतली.

मंगळवारी सकाळी पेपर उघडला आणि पहिल्या पानावर खाली फोटो दिसला. 'विपन्नावस्थेतील कलावंताचा घरी जाऊन सत्कार' असं वर लिहिलं होतं. बोराडे आणि नलवडे मध्ये खाटेवर बसवलेल्या एका माणसाच्या अंगावर शाल घालत होते. त्या माणसाचा उजवा डोळा अर्धा मिटलेला, गाल लोंबलेला, ओठाच्या कोपऱ्यातून ओघळ. मांडीवर नारळ ठेवला होता आणि तो पडू नये म्हणून नलवड्यांनी एका हाताने धरला होता. खाली नाव छापलं नसतं तर मी रंगाला ओळखलं नसतं.

मी पेपर फेकला. नलवड्यांना जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या दिल्या. बायकोला म्हटलं, आज या माणसाला मी भर चौकात धरतो. शाळेला रजा टाकली आणि तडक कुंभारवाड्याकडे निघालो. रंगाला भेटावं, धीर द्यावा, तिथून नलवड्यांकडे जावं, असं मनात होतं. वाटेत डझनभर केळी घेतली.

घर विचारावं लागलं नाही. दारात चपलांचा ढीग होता. दहा-बारा माणसं आत होती, चार ओट्यावर थांबली होती. प्रत्येकाच्या हातात केळी किंवा बिस्किटांचे पुडे. एक बाई बाहेर येता येता दुसरीला सांगत होती, बघवत नाही गं. कसला माणूस होता, काय होऊन बसलं. तिनं जीभ टाळूला लावून तीनदा आवाज केला. दाराशेजारी मंडळानं पोचवलेली ती घरघंटी उभी होती. प्लॅस्टिकसुद्धा काढलं नव्हतं, झेंडूची माळ सुकून तिथंच लोंबत होती.

मला बघून कौसल्यावहिनी उठल्या. आतल्या लोकांना म्हणाल्या, त्यांना आता आंघोळ घालायची आहे, या सगळ्यांनी. लोक उठले. मीही वळलो तेव्हा म्हणाल्या, तुम्ही थांबा.

लोक गेल्यावर त्यांनी दाराला कडी लावली. खाटेवर रंगा भिंतीकडे तोंड करून बसला होता. खांद्यावर टॉवेल होता. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

मी नलवड्यांवर घसरलो. हा माणूस किती नीच आहे, फोटोसाठी कुणाच्याही घरात घुसतो, मी त्याला सोडणार नाही, असं बरंच बोललो. वहिनी ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "नलवड्यांना हितला पत्ता कुणी दिला, सर?"

मी केळी या हातातून त्या हातात घेतली.

"आयतवारी दुपारपासनं माणूस हटंना. कुंभारवाड्याच्या मागं, दोन खोल्या. तुम्हीच सांगितलं न्हवं माइकवरनं? केबलवर सगळ्या गावानं ऐकलं. ह्यांनी पण ऐकलं. मी घरी यायच्या आधीच पाच माणसं येऊन बसली होती. ह्यांना तोंड झाकायला टॉवेलसुद्धा हाताला येईना."

मी म्हटलं, वहिनी, त्यानं तुमचा अपमान केला. मला ते सहन झालं नाही.

"अपमान माझा केला न्हवं? मी सोसला असता. गिरणी घेऊन घरी आले असते आन् संध्याकाळी पयलं दळण घातलं असतं. वाकायलासुद्धा मी तयार झाले असते. जरा वेळ लागत होता, एवढंच." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मला मान वर करवेना. "राग तुम्हाला आला होता. तुमचा राग तुम्ही गिळायचा. आमच्या नावावर कशाला काढलात?"

मी घरघंटीकडे बघून विचारलं, ही अजून चालू केली नाहीत?

"परत न्यायला टेंपो सांगितलाय. ह्याच्यावर दळलेलं खायचं न्हाई म्हणतेत. येत्या सोमवारपासनं मी खानावळीत पोळ्या लाटायला जायचं बोललेय. ह्यांना कडी लावून कोंडून जावं लागंल, न्हाईतर परत माणसं येऊन बसत्याल."

मी केळी कुठं ठेवावीत ते न कळून हातातच धरून उभा होतो. मी खाटेकडे गेलो आणि म्हणालो, "रंगा, माझं चुकलं. पण खरं सांगतो, तुझ्याबद्दल पोटात तुटलं म्हणून मी बोललो."

तेव्हा तो वळला.

फोटोत दिसलं होतं त्याहून वाईट होतं. उजवी बाजू वितळून खाली आली होती. डावा डोळा मात्र जिवंत होता आणि तो माझ्यावर रोखलेला होता. घशातून काहीतरी आवाज आला. मी वहिनींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "बसा म्हणतेत. बघा म्हणतेत."

मी समोरच्या पत्र्याच्या पेटीवर बसलो.

रंगानं डावा हात उचलला. मूठ वळून ती तोंडाजवळ आणली, जणू माइक धरलाय. पाठ ताठ करायचा प्रयत्न केला. मान थोडी डावीकडे कलती केली. डोळा मिटला. गालाचा एक कोपरा थरथरला, कढ आवरावा तसा. गळ्यात आवंढा वर गेला, खाली आला. मग तो थांबला. अगदी तेवढाच थांबला, जेवढा मी थांबतो. आणि त्या थांबण्यात त्यानं मिटलेला डोळा बारीकसा किलकिला केला, पहिल्या रांगेवरून फिरवला, लोक उठताहेत का ते बघितलं, आणि पुन्हा मिटला.

मी तो डोळा उघडला होता. रविवारी, त्या थांब्यात, मी बघितलं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. टीव्हीच्या एवढ्याशा पडद्यावर त्यानं ते टिपलं होतं. त्याचा अर्धा चेहरा मेलेला होता आणि उरलेल्या अर्ध्यात मी पुरताच्या पुरता मावलो होतो.

त्यानं हात खाली घेतला नाही. मूठ तोंडाशी, मान कलती, डोळा मिटलेला, तसाच तो टाळ्यांची वाट बघत बसला. खोलीत कुणी टाळी वाजवली नाही. कुणी हसलं नाही. त्याचा हात कापायला लागला तरी तो खाली येईना.

शेवटी कौसल्यावहिनी पुढं झाल्या. त्यांनी त्याची मूठ धरून हळूच खाली घेतली, टॉवेलनं त्याचं तोंड पुसलं आणि जाऊन दाराची कडी काढली.

"झालं, सर," त्या म्हणाल्या. "या आता."